माझ्या हातातली एकशे सत्त्याऐंशी मतं

९ जानेवारी, सोमवार

महापौरपदासाठी नऊ जण उभे आहेत. आजवर गप्प होतो. आता नाही. झिगमुंट व्रोना अजून जिवंत आहे हे या शहराला कळायला हवं.

चाळीस वर्षं मी या बूथचा कॅप्टन होतो. कुणाचं झाड तोडून हवं, कुणाच्या गल्लीतला दिवा गेलाय, कुणाच्या पोराला नोकरी हवी, सगळं माझ्याकडे. मतदानाच्या आदल्या दिवशी पक्षाच्या ऑफिसात चिठ्ठी द्यायची: उद्या माझ्या बूथवर आपल्या माणसाला इतकी मतं पडतील. माझा आकडा तीनच्या वर कधी चुकला नाही. आता ते ऑफिस गेलं. तिथे दात पांढरे करून देतात.

आता उठलो त्याचं कारण असं की कोपऱ्यावरच्या सरकारी दवाखान्याच्या दारावर नोटीस लागली. १ मेपासून बंद. माझ्या बायकोच्या, हालीनाच्या पायाची पट्टी तिथेच होते, सोमवारी आणि गुरुवारी. साखरेपायी एक बोट मागच्या वर्षी गेलं. पुढचा दवाखाना दोन बस बदलून, आणि ती वॉकर घेऊन बर्फातून चालणार कशी?

ठराव: नऊही जणांना निःपक्षपातीपणे तपासायचं. दहापैकी गुण. दवाखान्याचा शब्द देईल त्याच्या पदरात माझा बूथ. पूर्वी असंच चालायचं.

हालीनाला सांगितलं, काळजी करू नकोस, दवाखाना वाचलाच समज. ती म्हणाली, आधी जिन्यावरचं बर्फ काढ.

१२ जानेवारी, गुरुवार

गुणांची पद्धत ठरवली. हात कसा मिळवतो: ३. बूट: २ (झिजलेले असले तर माणूस दारोदार फिरलेला असतो). दवाखान्याबद्दल शब्द: ५.

नऊही जणांच्या ऑफिसांत फोन केले. आठ ठिकाणी मशीन बोललं. एका ठिकाणी पोरीनं विचारलं, आजोबा, तुम्हाला मतदार यादीत नाव घालायचंय का? त्या उमेदवाराला शून्य.

जिन्यावरचं बर्फ उद्या.

१६ जानेवारी, सोमवार

लॉरेन टिब्स बसस्टॉपवर भेटली. पूर्वी शाळेत हेडबाई होती म्हणे. एकटीच उभी, हातात पत्रकं, ना गाडी, ना फोटोवाला. मी ओळख सांगितली: या बूथचा चाळीस वर्षांचा कॅप्टन. ती म्हणाली, अरे वा, मग तुम्ही थकला असाल. हे काय बोलणं झालं?

दवाखान्याबद्दल सरळ विचारलं. ती म्हणाली, मी शब्द देत नाही. कागद बघितल्याशिवाय हो म्हटलं तर ते खोटं ठरेल. पण येऊन बघते. मी सांगितलं, बाई, बघायला डॉक्टर असतात, महापौरानं हो म्हणायचं असतं. ती हसली आणि तिची बस आली.

बूट झिजलेले होते, त्याचे २ द्यावेच लागले. बाकी भोपळा.

२१ जानेवारी, शनिवार

शेवटी माणूस सापडला!

चर्चच्या हॉलमध्ये दुपारचं जेवण होतं, सॉसेज आणि कोबी. ब्रेंडन कलहेन आला. सहा फूट उंच, केस पांढरे. माझ्यासमोर येऊन त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, झिगमुंट! हे शहर तुमच्यासारख्यांच्या खांद्यावर उभं आहे! नाव पाठ होतं त्याला. (छातीवर नावाचं स्टिकर सगळ्यांच्याच होतं, पण सगळ्यांची कोण वाचतो?)

दवाखान्याचं विचारलं. क्षणाचाही विलंब नाही. म्हणाला, अर्थात! आरोग्य माझ्या काळजाचा विषय आहे. मग खांद्यावर थाप. मग पुढच्या टेबलाकडे.

दहापैकी साडेनऊ. अर्धा कापला, कारण हातमोजे काढले नाहीत.

घरी हालीनाला सांगितलं. तिनं विचारलं, दवाखाना बंद करणार नाही असं म्हणाला का? मी म्हटलं, अर्थात म्हणाला. ती म्हणाली, अर्थात काय? तुला कुणीही हरभऱ्याच्या झाडावर चढवतं आणि खाली मी शिडी धरून उभी. बायकांना राजकारण समजत नाही असं मी मोठ्यानं म्हणालो नाही. इथे लिहितो.

२६ जानेवारी, गुरुवार

हालीना दवाखान्यातून आली ती खुशीत. टिब्सबाई खरंच आली होती. प्रतीक्षेच्या खोलीत दोन तास बसली. कोण कुठून येतं, किती वेळ लागतो, वहीत लिहून घेतलं. हालीनाचा वॉकर दारातून आत घेऊन दिला. पट्टी बघू का असं विचारून बघितलीसुद्धा.

मी म्हणालो, जिला दोन तास नुसतं बसायला सवड आहे, ती शहर काय चालवणार? हालीनानं बटाटे सोलायला घेतले. पटलं असावं.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

घरोघर फिरायला सुरुवात. उणे बारा तापमान. कलहेनची पत्रकं त्याच्या ऑफिसातून मीच जाऊन आणली. तिथे मला खुर्ची दिली नाही, पण गर्दी होती.

माझा नियम जुना आहे: दार उघडलं म्हणजे मत आपलं. ज्याला द्यायचं नसतं तो पडद्यामागून बघतो आणि उघडत नाही. चाळीस वर्षं हे गणित कधी चुकलं नाही.

आज एकवीस दारं उघडली! एकवीस मतं. पूर्वी इथे सगळे आपले पोलिश, आता निम्म्याहून जास्त मेक्सिकन. तरी मान तोच. सगळीकडे आत बोलावतात, कॉफी देतात, हालीना कशी आहे विचारतात. शेजारची ओफेलिया बारिएंतोस मला तिच्या भाषेत मानानं डॉन सिग्मुंदो म्हणते. मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाले खायला घातले. कलहेनचं पत्रक तिनं नीट घडी घालून टेबलाच्या पायाखाली ठेवलं, टेबल डुगडुगत होतं. म्हणजे जपून ठेवलं.

९ फेब्रुवारी, गुरुवार

टीव्हीवर वादविवाद. कलहेन काय दिसत होता! बाकीचे त्याच्यापुढे शाळकरी पोरं.

एक गोष्ट. शेवटी शेवटी तो म्हणाला की छोटे छोटे दवाखाने मिळून एक मोठा करणं शहाणपणाचं आहे. हालीनानं टीव्ही बंद केला आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी समजावलं. टीव्हीवर सगळ्या शहराला बोलावं लागतं. खासगीत दिलेला शब्द वेगळा. हे डावपेच असतात. ती म्हणाली, तुझा डाव कुठला आणि पेच कुठला ते मला सांगूच नकोस.

रात्री उठून गुणांची वही पुन्हा बघितली. साडेनऊच.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

कलहेनच्या ऑफिसात फोन केला, शब्दाची आठवण करून द्यायला. निरोप ठेवला. चारदा.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

निरोपाला उत्तर नाही. तो कामात असणार.

हालीना आणि ओफेलिया आठवडाभर फोनला चिकटल्यात. पाय स्टुलावर, मांडीवर वही, एकेका घरी फोन. मी खोलीत गेलो की थांबतात. काय चाललंय विचारलं तर म्हणे पाककृती. दोनशे घरांना बीटाच्या सूपची पाककृती! असो, मन रमतंय बिचारीचं.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

ईस्टरच्या उपवासाआधीचा शेवटचा दिवस. बेकरीसमोर रांग, मुरंबा भरून तळलेल्या गोड पाँच्की सगळ्यांच्या हातात. हालीनाला चालत नाहीत, म्हणून तिच्या वाटणीच्याही मी खाल्ल्या. चार.

फेरी संपली. एकशे सत्त्याऐंशी दारं उघडली. इतकी तर ऐन भरात असतानाही उघडली नव्हती. पायऱ्या चढताना धाप लागते, पण हा आकडा बघितला की बरं वाटतं. दोन दारांतून मी बाहेर पडल्यावर हसण्याचा आवाज आला. हसतं घर, चांगलं लक्षण.

२५ फेब्रुवारी, शनिवार

रात्रीपासून बर्फ. चौदा इंच. मधल्या दिवसांची पट्टी ओफेलिया बदलते. मी त्या वेळी नेमका बाहेर असतो, कामं असतात. आज ओफेलिया तापानं पडली. हालीना म्हणाली, राहू दे, सोमवारपर्यंत थांबते. पण पट्टीला ओल आली होती, वास येत होता.

मीच बदलली.

पाय आजवर बघितला नव्हता. बोट गेल्यावरही नाही. गेले सात आठवडे मी पत्रकं, आकडे, उमेदवार, सगळं बघितलं. टाचेला जखम आहे, अंडं मावेल एवढी. हालीना सांगत होती, आधी हे पाणी, मग ती जाळी, फार घट्ट नको. तिचा आवाज अगदी नेहमीचा. चिकटपट्टी तीनदा वाया गेली. ती म्हणाली, कॅप्टन, जरा हळू. चौथ्यांदा बसली.

दोन बस बदलून. या पायानं.

मग बाहेर जाऊन जिना साफ केला. नंतर स्वयंपाकघरात बसून राहिलो. कलहेननं हात धरला होता, मान्य. दोन्ही हातांनी. पण हातमोजे होते.

२६ फेब्रुवारी, रविवार

थकव्यानं माणूस भलतंसलतं लिहितो. कालचं खोडणार होतो, शाई पसरली. मी शब्द देऊन बसलोय, आकडा तयार आहे. आता मागे फिरलो तर एकशे सत्त्याऐंशी माणसांना काय तोंड दाखवू?

२७ फेब्रुवारी, सोमवार

रिवाजाप्रमाणे चिठ्ठी द्यायला कलहेनच्या ऑफिसात. कागदावर सुबक अक्षरात: आमचा बूथ, १८७. काउंटरवरच्या पोरीनं वाचली आणि विचारलं, ही जेवणाची ऑर्डर आहे का? समजावून सांगितलं. ती म्हणाली, हो का, थँक यू, आणि चिठ्ठीवर कॉफीचा कप ठेवला.

तिचं नाव लिहून घेतलंय. कलहेन निवडून आला की बघू.

२८ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ११

शाळेच्या जिममध्ये मतदान. हालीनाला घेऊन गेलो, पाव मैलाला चाळीस मिनिटं. लोक दार धरत होते, वाट देत होते. सगळे तिला नावानं हाक मारत होते. मला वाटायचं त्या बूथवर मला ओळखतात.

शेजारशेजारच्या आडोशात उभे राहिलो. तिला फार वेळ लागला. मलाही. पेन धरून नऊ नावं कितीतरी वेळा वाचली. चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो की आत गेल्यावर मागेपुढे बघायचं नाही.

दिलं मत. कुणाला ते लिहीत नाही. मतदान गुप्त असतं.

तोच दिवस. संध्याकाळी ७.४०

बूथचा निकाल जिमच्या दारावर चिकटवतात, किराण्याच्या बिलासारखी लांब पट्टी. चष्मा पुसून दोनदा वाचली.

टिब्स १५२. बाकीच्यांना थोडीथोडी. कलहेन १.

पहिल्यांदा वाटलं, मशीन बिघडलं. मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. फोनवरच्या पाककृती. हसणारी घरं. एकशे सत्त्याऐंशी दारं हालीनाच्या नवऱ्यासाठी उघडली होती, बाहेर थंडी होती म्हणून. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणी मला दुखवलं नाही. भर रस्त्यात रडू आलं. लाजेनं की कशानं, सांगता येत नाही.

आणि ते एक मत कुणाचं? कारण माझं नाही. पेन टेकवताना मला ती टाच दिसली. मी टिब्सला दिलं.

१ मार्च, बुधवार

टिब्स शहरात तिसरी आली. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नाहीत, म्हणून दुसऱ्या फेरीत कलहेन आणि कुणीतरी दुसरा. दवाखान्यावरची नोटीस जागेवर आहे.

काल घरी आल्यावर निकाल सांगितला नव्हता. डोकं दुखतंय म्हणून झोपलो. आज सकाळी हालीनानं बशीत पाव ठेवता ठेवता विचारलं, तुझ्या माणसाला आपल्या बूथवर किती पडली? खोटं सांगायचं ठरवलं होतं. तोंडातून खरंच निघालं. एक.

ती म्हणाली, एकच? नीट वाचलंस का? दोन असतील.

मी म्हणालो, एकच आहे.

ती म्हणाली, दोन हवीत झिगमुंट. तुझं एक आणि...

आणि तिथेच थांबली. मीही चमचा खाली ठेवला. दीडशे घरं तिनं फोन करून टिब्सकडे वळवली, आणि स्वतः आडोशात उभी राहून, त्या पायावर उभी राहून, माझ्या माणसाला मत दिलं. माझं मत तिथे एकटं पडू नये म्हणून.

तिनं माझ्या बशीत आणखी एक पाव ठेवला. मग ती म्हणाली, धन्य आहे तुझी! चाळीस वर्षांचा कॅप्टन, आणि घरातली दोन मतं एका बाजूला आणता आली नाहीत. आणि हसायला लागली, आणि मग डोळे पुसायला लागली.

मी विचारलं, आता मे महिन्यात काय करायचं? ती म्हणाली, माहीत नाही.

ओफेलियाचा ताप उतरलेला नाही. पट्टी मी बदलली.