सोळा रिकामी घरं

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वेगळ्या टपालाने गठ्ठा पाठवला आहे. माझी नवी जॅझ रचना, विद्यार्थ्यांच्या बँडसाठी. कार्यक्रम २८ तारखेला. नेहमीप्रमाणे प्रत्येक वादकाचा कागद तुझ्या हातून वेगळा उतरून हवा. माझं अक्षर म्हणजे शाईत पडलेली मुंगी. ते तुला आणि देवालाच वाचता येतं, आणि देव कामात असतो.

आमच्या संगीत विद्यालयाच्या प्राचार्यांनी परवा पुन्हा विचारलं, की कायमचे राहणार का. म्हटलं, कार्यक्रमानंतर सांगतो. इथे चौथं वर्ष लागलं आणि पायाची भिंगरी पुन्हा फिरायला लागली आहे. खाली सरावाच्या खोल्या आहेत. सकाळी आठपासून कोणीतरी एकाच सुरावर ठेचकाळत असतं आणि मी दाढी करता करता वरून ओरडून दुरुस्त करतो. त्यात जुन्या ड्रमवाल्याचं पत्र आलंय. जहाजावरच्या बँडला ट्रम्पेट वाजवणारा हवाय, एक एप्रिलला निघायचं. भावोजींना सांगू नकोस, हसतील.

लोभ आहेच, वरचं वाचून राग आला तरी तो आटू देऊ नकोस.

तुझा,
भुंग्या

१६ मार्च

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

गठ्ठा मिळाला. दहा दिवस जेवणाचं टेबल माझ्या ताब्यात आहे. हे ओट्याशी उभ्याने जेवतात आणि तुझ्या नावाने बोटं मोडतात. जहाजाचं मी काही बोलले नाही, पाकीट त्यांनीच फोडलं. खूप हसले.

मला मात्र हसू आलं नाही. सव्वीस वर्षांत नऊ बँड झाले तुझे. हॉटेल झालं, सर्कस झाली, जहाजही एकदा झालं. कुठेही जरा बूड टेकलं की तुला मुंग्या येतात. आणि दुसरी गोष्ट. आजवर तुझं प्रत्येक पत्र ओठाच्या गाऱ्हाण्याने सुरू व्हायचं. सुजला, फुटला, थंडीने तडकला. डिसेंबरपासून चार पत्रं आली, ओठाबद्दल अवाक्षर नाही. बरा आहे म्हणून, की बरा नाही म्हणून?

आता कामाचं. तिसऱ्या भागात ट्रम्पेटच्या ओळीवर तालाची सोळा घरं कोरी आहेत, एकही सूर लिहिलेला नाही. तू आयत्या वेळी मनाने वाजवणार असलास की अशा घरांवर ‘मी’ लिहितोस. या वेळी नाही. घाईत राहिलं असणार. आमच्या नकाशा कचेरीत कोरी जागा टेबलावरून पुढे सरकू द्यायची नसते. तीस वर्षांची सवय काही जात नाही. म्हणून मीच भरली. बाबा जिना चढताना वाजवायचे ती शीळ लिहिली आहे. आपण काय उपद्व्याप करत असू ते आवरावे म्हणून पहिल्या पायरीपासून सुरू करायचे, आणि दाराशी किल्ली काढताना शेवटचा सूर राहून जायचा. तो तू आतून नुसत्या ओठांनी भुणभुणायचास, मग दार उघडायचं. भुंग्या नाव पडलं ते त्यावरूनच. मीही शीळ तिथेच थांबवली आहे. पटलं नाही तर खोडून टाक.

ओठाचं खरं लिही. माया आहेच, पण खोटं बोललास तर कान पिरगाळीन.

तुझी,
ताई

२४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पार्सल आलं तेव्हा मी डॉक्टरांकडे होतो. वरच्या दालनात तालमीची वेळ झाली म्हणून पोरांनीच फोडलं आणि कागद वाटून घेतले. मी परतलो, जिना चढू लागलो, आणि वरून बाबांची शीळ आली. ताई, त्रेपन्न वर्षांचा मी, हातातली सिगरेट मुठीत लपवून भिंतीला चिकटून उभा राहिलो. बोट भाजलं तेव्हा भानावर आलो.

वाजवत होती चिमणी, माझ्या वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी. सूर लिहिलेले दिसले म्हणून तिला ओळ आपलीच वाटली. सगळ्यांसमोर तिच्यावर खेकसलो, की ती घरं माझी आहेत. तिने ट्रम्पेट खाली ठेवलं आणि विचारलं, की मग वर ‘मी’ का नाही. मी तालीम तिथेच मोडली.

तिचं उत्तर तुला देतो. विसरलो नव्हतो. पेन ‘मी’ लिहीना. डिसेंबरात ओठाचा स्नायू फाटला. डॉक्टर म्हणतात, पूर्वीसारखं वाजवाल तर उरलाय तोही जाईल. मी ठरवलं होतं, की कार्यक्रमात ती सोळा घरं वाजवून बघायची. ओठ टिकला तर जहाज. नाही टिकला तर काय, ते ठरवलंच नव्हतं. तू न विचारता माझी जागा भरून टाकलीस. मला तुझा भयंकर राग आला आहे. ट्रम्पेट तोंडाला लावलं नाही, तर मी कोण म्हणून लोकांपुढे उभा राहू?

चिमणीचा कागद काढून घेतला आहे. मीच वाजवणार.

लोभाचं आज काही लिहीत नाही.

भुंग्या

२७ मार्च

चि. भुंग्यास,
आशीर्वाद.

हे पत्र उद्याच्या आत पोचणार नाही, तरी लिहिते. बसवत नाही. सकाळपासून दोनदा कपाट आवरलं, आता हे म्हणतात, मलाही घडी घालून ठेव.

चुकले मी. नकाशातही जागा भरण्याआधी विचारायचं असतं. वाजवायचं तर वाजव. पण त्या पोरीला रडवू नकोस. तू कोण हे मला कधी ट्रम्पेटवरून ओळखावं लागलं नाही.

राग असू दे, पत्र मात्र पाठव.

ताई

३० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कार्यक्रमाच्या आधी चिमणी विंगेत उभी होती आणि कागद नसताना बोटांनी हवेत तीच शीळ दाबत होती. पाठ झाली होती तिला. माझ्या खिशातला कागद काढून तिला दिला. का दिला ते विचारू नकोस, हात पुढे झाला.

तिसरा भाग आला. ती उभी राहिली आणि वाजवू लागली. फार चांगलं वाजवलं, ताई, माझा जळफळाट व्हावा इतकं. आणि जिथे तू थांबवलंस तिथे थांबली. शेवटचा सूर राहिला आहे हे मी तिला सांगितलंच नव्हतं. सगळा बँड माझ्याकडे बघत राहिला. मग मी ट्रम्पेट उचललं आणि तो एक सूर वाजवला.

ओठ टिकला. एका सुरापुरता.

ड्रमवाल्याला नकार कळवला, प्राचार्यांना होकार दिला. पायांची खात्री अजून देत नाही. सोबत नवा गठ्ठा आहे. त्यात पाचव्या पानावर सोळा घरं कोरी आहेत आणि वर ‘मी’ नाही. या वेळीही विसरलेलो नाही. कोणाची ते वर्गात ठरेल. तशीच कोरी उतर.

भावोजींना टेबल महिन्याभराने मिळेल म्हणावं. तुझी माया होती तेवढीच राहू दे, जास्त झाली तर मला मुंग्या येतात.

तुझा,
भुंग्या