तीन नंबरचं मीटर

कळंबोली, लोखंड बाजार
सोमवार, १२ एप्रिल १९९९

नंदूदादा,

नमस्कार. मोठ्या भावाला लिहिताना आधी नमस्कार घालावा, असं तुझ्या मावशीनं म्हणजे माझ्या आईनं शिकवलंय, म्हणून घातला. त्यात बाकी काही शोधू नकोस.

मी बरा आहे. सळ्यांचे ट्रक भरून घ्यायचं काम मिळालंय. त्याआधी दीड महिना बेळगाव लाइनला क्लीनर होतो. आमच्या ड्रायव्हरकडे पोपट होता, ब्रेक मारला की शिवी घालायचा, आणि अशी स्वच्छ की खंबाटकीच्या घाटात लाज वाटायची. ते जाऊ दे. ईश्वरी वहिनी कशा आहेत? त्यांची कढई निघाली का घासून?

काल शेवंताबाई आली होती. आपल्या डब्यांच्या कारखान्यातली, पॅकिंगची. तळोज्याहून टमटमनं आली, चार गोडाउनं फिरली, आणि मी दिसल्यावर पहिलं वाक्य, "आरं, वाळलास किती! लोखंड खातोस काय?" तिच्याकडून कळलं की पाच नंबरचं नवं मशीन बसलं. गुरुवारी सकाळी दहाला ट्रायल. डेअरीची माणसं समोर उभी राहणार, श्रीखंडाच्या डब्याची झाकणं लगेच बरोबर नेणार आणि शुक्रवारी भरून बघणार. परदेशी प्लॅस्टिकचा दाणा ट्रायलपुरताच उरलाय. आणि मशीन लावणार नंदकिशोर साहेब, नवे इनचार्ज. अभिनंदन.

"पास झालं तर आमी बारा जनी पर्मनंट," शेवंताबाई म्हणाली. "नाय तं पॅकिंग बंद, शेठ बोललाय. तुजा भाव हाय ना तो? मंग कर की त्याला मदत."

मी तिला चहा पाजला आणि खूप हसलो. ती बिचारी बघतच राहिली.

हसलो कारण तू पाच नंबरवर माझी डायरी उघडणार. माझ्या कपाटातली, निळ्या पुठ्ठ्याची. मला हाकललं त्या संध्याकाळी कपाट रिकामं करायला तूच गेला होतास. चप्पल परत पाठवलीस, मफलर पाठवलास. डायरी नाही पाठवलीस.

तो दाणा आला ते दिवस आठवतात? पांढरी पोती, वर मेटॅलोसीन लिहिलेलं, आणि शेठला तो शब्द उच्चारता येत नव्हता म्हणून तो "मेथीसीन" म्हणायचा. दाणा कंपनीचे साहेब समजवायला आले, तुम्ही सगळे माना हलवत होता. मी नववी नापास, म्हणून मी सरळ विचारलं, हे पण पॉलिप्रॉपिलीन आणि ते पण, मग फरक काय? त्यांना माझा प्रश्न आवडला. म्हणाले, दाणा म्हणजे बारीक साखळ्यांचा गुंता. ह्या साखळ्या जोडतो तो उत्प्रेरक. साध्या दाण्याचा उत्प्रेरक म्हणजे लग्नघरी भाकऱ्या थापायला बसलेल्या पन्नास बायका, प्रत्येकीचा हात वेगळा, एक भाकरी मोठी एक लहान. मेटॅलोसीन म्हणजे सगळ्या भाकऱ्या एकाच हातच्या. साखळ्या एकसारख्या, म्हणून माल काचेसारखा आरपार, पातळ असून ताठ, आणि वास येत नाही. ह्याच्याच इंजेक्शनच्या सिरिंज होतात म्हणाले, आणि इतका बारीक धागा निघतो की डॉक्टर तोंडाला बांधतात ते कापड होतं. शेवंताबाई मागून म्हणाली, "एकाच बाईनं समद्या थापल्या? हात मोडला असंल तिचा."

वासाची परीक्षा तिचीच होती, कारण ती मिश्री लावत नाही. डब्यात उकळतं पाणी, झाकण घट्ट, दुसऱ्या दिवशी उघडून हुंगायचं. साध्या डब्याला नव्या चपलेसारखा वास. ह्याला नुसत्या पाण्याचा. श्रीखंड दुसऱ्याचा वास लगेच घेतं, म्हणून तर डेअरी एवढी मागे लागली.

पण चालवायला हट्टी. साधा दाणा दाब दिला की पातळ होऊन पळतो, हा दाब दिला तरी लवकर सैल पडत नाही. वितळतोही लवकर. सगळा हिशोबच वेगळा. अकरा दिवस मी तीन नंबरला चिकटून होतो. तू खुर्ची टाकून पेपर वाचायचास आणि मधूनच विचारायचास, "ऋषी, जमतंय का रे?" जमलं. डायरीत लिहिलं. मीटर २३५ डिग्री, दाब, थंड करायचे सेकंद, सगळं.

आता झडतीचं.

मी ते टाळतोय असं तुला वाटत असेल. टाळत होतोच. तीन महिने प्रत्येक ढाब्यावर लोक विचारायचे, कंपनी का सोडलीस, आणि मी पोपटाची गोष्ट सांगायचो. नऊ जानेवारीला गेटवर मानसिंगनं पिशवी उघडली. तंबाखूच्या डबीत मूठभर दाणा. तो म्हातारा वॉचमनसुद्धा हळू म्हणाला, "बेटा, बोल दे, किसने दिया." शेठ उभा, बारा बायका उभ्या, गेटपाशी उतरवलेल्या डब्याच्या साच्याला टेकून तू उभा. दाणा माझ्याकडे होता, हे खरं. मी तुझ्याकडे बघितलं. तू घड्याळाला चावी दिलीस.

दादा, तो दाणा मी तुझ्या सांगण्यावरून नेत होतो. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा आदल्या रविवारी तुझ्याच घरी, वहिनींच्या कढईत शेंगदाण्याचं तेल, लॅबचा लांब थर्मामीटर, एका कडेला साधा दाणा, एका कडेला हा. हा दीडशेच्या आतच पारदर्शक झाला आणि बसला, साध्याला आणखी पंधरा डिग्री लागल्या. तू टाळी वाजवलीस. वहिनी ओरडल्या, "पोह्यांची कढई आहे ती, मेल्यांनो!" आणि तू म्हणालास, परत एकदा करून बघ, मूठभर घेऊन ये. गेटवर एवढंच वाक्य हवं होतं, "मीच सांगितलं होतं." चार सेकंदसुद्धा लागले नसते.

वहिनींना तू सांगितलंस की ऋषीचं मन कुठे रमत नाही, गेला सोडून. आईनं मला लिहिलंय तसं. माझ्याबद्दल कोणीही विश्वास ठेवील असंच वाक्य शोधलंस.

तर ऐक. तीन नंबरचं मीटर खोटं आहे. वीस डिग्री जास्त दाखवतं. उष्णता मोजायची तार भोकात पुरती बसत नाही, वरच्या हीटरच्या पट्ट्याला टेकून राहते. डिसेंबरात इलेक्ट्रिशियननं ती नीट बसवली होती, तू रजेवर होतास. त्या दिवशी मीटर २३५ ला खरे २३५ झाले. झाकणं निघाली सुंदर, चकचकीत, कोणी नाव ठेवलं नसतं. दुसऱ्या दिवशी सगळी पापडासारखी वळलेली. आत ऊब राहते, थप्पीत आकसतात. मी तार परत ढिली केली, कारण हाताला तीच सवय, आणि डायरीत लिहिलं नाही. मशीन लावणारा सेटर एक गोष्ट स्वतःपाशी ठेवतो, हे तूच शिकवलंस.

पाच नंबर नवं आहे. त्याचं मीटर खरं बोलतं.

काल हसलो ते ह्याला. शुक्रवारी डेअरीत झाकणं वळणार आणि तुझं तोंड उतरणार, हे मी चहाच्या प्रत्येक घोटाला बघत होतो. मग शेवंताबाई सहज म्हणाली की त्या दिवसाचं एक वळलेलं झाकण तिनं घरी नेलंय, मिठाच्या बरणीवर. "बसत नाय मेलं, वर दगड ठेवते." झाकणं वळली तर नोकरी जाणार बारा जणींची, आणि त्यांच्यापैकी एकीनंही मला दाणा आणायला सांगितलं नव्हतं.

म्हणून मी तिला सगळं शिकवलं. दोनदा म्हणवून घेतलं. गुरुवारी तू मीटर २३५ ला लावलंस की ती शेठसमोर, डेअरीवाल्यांसमोर, ते मिठाचं झाकण टेबलावर ठेवणार आणि म्हणणार, "साहेब, वीस कमी करा. ऋषीनं सांगलंय." झाकण सगळ्यांनी डिसेंबरात बघितलंय, तुला ऐकावंच लागेल. मीटरचा आकडा तुझ्या हातानं खाली येईल, पॅकिंगच्या बाईच्या शब्दावर. ट्रायल पास होईल. आणि मग शेठ विचारेल, त्या चोराला हे कसं माहीत?

तेव्हा परत सगळे उभे असतील. तू, शेठ, बारा बायका, मानसिंगला पण बोलवायला सांगितलंय. "तो चोर नाही, मीच सांगितलं होतं," एवढं म्हणायला तुला ते चार सेकंद परत मिळतील.

हे पत्र बुधवारची डाक निघून गेल्यावर पेटीत टाकणार. तुझ्या हाती शुक्रवारच्या आधी पडू नये म्हणून. आधी वाचून बोललास तर ते बोलणं मला नको.

पाकिटावर नाव वहिनींचं घातलंय. गुरुवारी ते वाक्य बोलला असशील, तर घरीही सांगितलं असशील, ह्यात त्यांना नवीन काही सापडणार नाही. बोलला नसशील, तर तू आत्ता दारात चपला काढतोयस, आणि त्या कढई हातात घेऊन उभ्या आहेत.

तुझ्या सांगण्यावरून मूठभर दाणा नेणारा,
ऋषी