भिंत माझी, सावली भाडेकरूची

ती. साडूभाऊ,

सप्रेम नमस्कार. तुमच्या गुडघ्याला आराम पडला असेल, ताईंचा खोकला हटला असेल, अशी आशा करतो. आमची खुशाली म्हणाल तर अशी : तुमच्या आणि माझ्या घरामधली भिंत मी चढवून घेतली, ती मला माझी कंबर, गवंड्याशी असलेली जुनी दोस्ती आणि तुमच्या मेहुणीचं बोलणं एवढ्याला पडली. (ती आता माझ्याशी फक्त भाजीपुरतं बोलते.)

सायकलला पाना लटकवून दारोदार गळके नळ दुरुस्त करणारा मी. त्यातून वर येऊन हे ऐसपैस घर बांधलं, दारात खांब उभे केले. परक्याच्या छपराखाली पुन्हा म्हणून राहणार नाही, हे तेव्हा चारचौघांत छातीठोक सांगितलं होतं. आणि गल्लीतले लोक माझा पत्ता कसा सांगतात? 'चष्मेवाल्याच्या शेजारी!' चष्मेवाला म्हणजे तुमचा भाडेकरू. तुमचं घर तीन खोल्यांचं (राग मानू नका, कौलं चांगली आहेत). तरी आलेगेले माझ्या खांबांकडे बघून 'बापरे' म्हणायचे आणि त्याच्या ओट्यावर टेकून 'वा!' म्हणायचे. (बापरे आणि वा यांतला फरक बांधणाऱ्यालाच कळतो.) माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत, भिंतीला लावले की नळ कुठे गळतोय ते सांगतात. त्याच कानांनी रोज तिकडचं हसणं ऐकायचं म्हणजे जळफळाट होणारच.

म्हणून भिंत चढवली. हसणं अडलं नाही, वारा अडला. तो तिकडून यायचा, आता भिंतीला आपटून तिथेच घुटमळतो. सूर्य माझ्या बाजूला कलतो, त्यामुळे दुपारनंतर सगळी सावली त्याच्या अंगणात आणि आमची बैठक म्हणजे भट्टी. गवंडी म्हणाला, "मी आधीच बोललो होतो." मी म्हणालो, "मग थापी कशाला चालवलीस?" तिथे दोस्ती आटपली.

मग चष्मेवाला स्वतः दारात. मला वाटलं, भांडायला आला. मी बाह्या सरसावल्या. तर हात जोडून म्हणतो कसा, "भाऊसाहेब, फार उपकार झाले हो! एक विचारू? अजून वीतभर वाढेल का? एकच्या सुमाराला पायावर ऊन येतं."

तुमची मेहुणी आत तोंड दाबून हसत होती, ते मी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून तिचा दुपारचा चहा तिकडच्या ओट्यावर. भिंत पाडावी तर गल्ली हसेल, ठेवावी तर जीव उकडतो.

लोभ आहेच, तो भिंतीने अडत नाही असं धरून चालतो.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. चष्मेवाला मुलाकडे राहायला जातोय, महिनाअखेर घर सोडतोय. तुम्हाला कळवेलच. मला भिंतीतून कळलं.

आणखी ता. क. खरं काम असं, की त्या घराचा शब्द दुसऱ्या कुणाला देऊ नका. मी भाड्याने घेतो. (साडूचं छप्पर परकं धरत नाहीत.) माझ्या घरात कुणीतरी राहील, खांबांची हौस असलेली माणसं जगात असतातच.

शेवटचं. नाही म्हणू नका. तुमच्या मेहुणीने नवे पडदे शिवून तयार ठेवलेत. आमच्या एकाही खिडकीला ते बसत नाहीत.