करंजाचं डिझेल

१२ मार्च, गुरुवार
नणंदेचा जावई आला — अजय. जावई म्हणजे कोंबडीवडे आलेच! खाऊन ढेकर दिला आणि कागद काढला. डोंगरावरच्या आमच्या काजी, म्हणजे काजूची झाडं, तोडायची, तिथे करंज लावायचे, बियांच्या तेलाचं डिझेल करायचं. त्याची कंपनी सगळं घेणार म्हणे.
साठ काजी. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी लावल्या, डोक्यावरून पाणी नेऊन.
अजय म्हणाला, मामी, ह्या डिझेलचा धूर झाडंच परत पितात, हवा साफ. मी विचारलं, मग माझ्या काजी इतकी वर्षं काय पीत होत्या — चहा? घोवाने, म्हणजे आमच्या नवरोबाने, माझ्यावर डोळे वटारले. आणि त्याला म्हणतो कसा, आमचो नांगरणीचो टिलर ह्या डिझेलार चललो तर सही करतंय.
जमीन घोवाच्या नावावर. काजी माझ्या!

१३ मार्च
घोवाशी बोलले नाही. जेवण वाढलं — बिनमिठाचं.

१५ मार्च, रविवार
अजय परत. करंजाच्या तेलाचा कॅन, कसलंतरी स्पिरिट, कॉस्टिक सोडा. शिकवायची हौस भारी! तेल कोमट करायचं, बाकीचं घालून ढवळायचं, की तेल फुटतं — वर डिझेल, खाली चिकट गाळ. उद्या करून दाखवतो म्हणाला. वर स्वतःच सांगितलं, "मामी, तेलात पाणी जाता कामा नये. पाणी लागलं की साबण होतो."
हे मला सांगायचं?
तो चहाला आत गेला. कॅन पडवीत. तांब्याभर पाणी आत ओतलं. मग आणखी अर्धा.

१६ मार्च
साबण! दह्यासारखा घट्ट. टिलरमध्ये काय ओतणार, कप्पाळ? अजयने ज्या बाटलीत ढवळलं ती उलटी धरली, थेंब पडेना. तेलच जुनं असेल म्हणाला. मी म्हटलं, असेल हो. बिनसहीच्या कागदासकट गेला, परत काही येत नाही.

१७ मार्च
पोटात राहीना. घोव काजीखाली बोंडं वेचत होता, तिथे जाऊन सांगून टाकलं — पाणी मी घातलं. त्याने मान वर केली नाही.
"किती घातलंस?"
"दीड तांब्यो."
"म्हणान इतको घट्ट झालो. तुझ्या आदी एक मी घातलेलंय. बहिणीच्या जावयाक तोंडार नाय कसा म्हणतलंय गो?"