येळवशीला गप केलेला फोन

डबा न उघडता परत पाठवायचं कुणी शिकवलं तुला? शेंगाच्या पोळ्या लाटून माझी मनगटं धरली, आणि तुझा बाप पुण्याहून तो तसाच काखेत मारून आला.

प्रिय शिवकन्या, तिसरीपर्यंतच शिकलेय, अक्षर वाकडं हाय. डोळे फाडून वाच.

येळवशीचं, वेळ अमावस्येच्या दिवसाचं लिहिते. सगळं गाव शिवारात, आपली कडब्याची कोप पूजेला सजलेली, आणि तुझा फोन सकाळपासून टिटवीसारखा ओरडत होता. उमरग्याची लक्ष्मम्मा, आपली लांबची सोयरी, भाच्याला घेऊन मुद्दाम तुला बघायला आली होती. तिच्यापुढं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय कटकट हाय ही, म्हणून विचारलं, तर भज्जीचं, सगळ्या भाज्यांचं पातेलं ढवळता ढवळता तू सांगितलंस, की पुण्यातल्या एका दवाखान्याचे रिपोर्ट, एक्स-रेचे फोटो मोठ्या पेट्यांत साठवून ठेवलेले असतात. तिकडं जाणाऱ्या-येणाऱ्या तारा एका चौकात जमतात, त्याला तुम्ही स्विच म्हणता. तारेतून जाताना निरोप फाटायला लागले की फोन ओरडतो, आणि किती फाटल्यावर ओरडायचं ती हद्द तू ठरवतीस. आज एकच तार सारखी तक्रार करतीया, तिथल्या माणसाला सांगून बदलून घेते, असं म्हणून तू बोलायला बांधाकडं निघालीस.

म्या अडवलं. पाहुणे पत्रावळीवर बसलेत, आधी वाढ. वर सगळ्यांदेखत टोमणा मारला, की ही सासरी पण फोन कडेवर घेऊन नांदणार आणि लेकरू जमिनीवर टाकणार. लक्ष्मम्मा लई हसली. तू हसली न्हाईस. उभ्या उभ्या बोटं फिरवलीस आणि म्हणालीस, घे आज्जी, हद्द वाढवली, आता लई फाटल्याबिगर ओरडायचा न्हाय, जेवणं झाली की परत खाली आणते. फोन गप झाला. मला जिंकल्यासारखं वाटलं. मग आंबिलीवर आंबील, गप्पांवर गप्पा. तुला जागची हलू दिली न्हाय ती मीच.

फोन ओरडायच्या आत तारच बंद पडली. तवा तिकडं एका माणसाला ऑपरेशनच्या टेबलावर घेतलेलं, आणि डॉक्टरला त्याचा फोटो उघडंना. माणूस वाचला, येडाईची कृपा. बाकीचे आजारी अंधार पडेस्तोवर ताटकळले. तुझ्या साहेबाचा फोन आला तवा मी शेजारीच गाडगी विसळत होते. हद्द का वाढवली, म्हणून तो विचारत होता. तू म्हणालीस, माझीच चूक. माझ्याकडं बघितलं पण न्हाईस. आणि एवढी चालती जीभ असून मी नुसती गाडगी विसळत राहिले. तेवढ्यावर भागलं असतं तरी बरं. जाताना लक्ष्मम्माला मीच म्हणाले, पोरगी जरा वेंधळी हाय, लगीन झालं की सुधरंल.

परवा तुझा बाप म्हणाला, तू काम सोडून गावाकडं येतीस, लक्ष्मम्माच्या भाच्याला व्हय म्हणालीस. ऐकून मला बरं वाटलं, पोरी. गल्लीत साखर वाटली म्या. रुद्रम्माच्या मनासारखं झालं, असं शेजारीण म्हणाली, आणि तोंडातली साखर गिळवंना. तुला पाडून मी घरी आणत होते. त्याची लाज वाटती. माफी मागायची मला सवय न्हाय, म्हणून कामाचं सांगते. काम सोडू नको. आज्जीनं अडवलं होतं, हे साहेबाला सांग. पटलं न्हाय तर हा कागद दाखव. लक्ष्मम्माकडं मी काल एस्टीनं जाऊन आले. वेंधळी पोरगी न्हाय, म्हातारी हाय, असं तोंडावर सांगितलं. तिनं चहासुद्धा विचारला न्हाय. ते पोरगं तुझ्या मनात असंल तर खुशाल लगीन कर, पण माझ्या तोंडाला भिऊन करू नको. काय ते उत्तर तूच द्यायचं, तुझ्या हातानं. बापाकडं निरोप दिलास तर त्याला मी दारातूनच माघारी धाडीन.

तुझीच,
रुद्रम्मा आज्जी