पालकाचा रकाना

धानोरा, मार्गशीर्ष वद्य पंचमी, सन १९२१

प्रिय मांगीलाल,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर तुमच्या लोकल बोर्डाचा शिक्का बघून आधी वाटलं, नोटीसच आली. आत तुझं अक्षर निघालं, पण मजकूर नोटिशीचाच होता. बहिणीची प्रकृती कशी आहे हे विचारलंस तेही अगदी तळाशी, कागद उरला म्हणून. मी ठणठणीत आहे. दुकान चालू आहे, थंडी यंदा जोराची आहे आणि वहिनीने धाडलेले पापड केव्हाच संपले. आता तुझ्या दोन प्रश्नांची उत्तरं घे. शाळेच्या पटावर मी भिलांच्या पोरांची पालक म्हणून स्वतःचं नाव लिहवलं का? हो, लिहवलं. आणि बापूजींनी लग्नात माझ्या नावावर करून दिलेल्या शेतात मोजणीदार साखळी घेऊन फिरत होता, तो मी शेत विकायला काढलंय म्हणून का? नाही. शेत विकलेलं नाही आणि विकणारही नाही. शेताचं पुढे सांगते, आधी शाळेचं ऐक.

तुमचा नियम तुला माझ्याहून चांगला ठाऊक, कारण बैठकीत तो मांडलास तूच. ज्याच्या नावावर जमीन, तो सरकारात शेतसारा भरतो आणि साऱ्याबरोबर शाळेसाठी लोकल फंडही भरतो, म्हणून त्याच्या मुलांना फी कमी. ज्याच्या नावावर जमीन नाही तो लोकल फंड भरत नाही, म्हणून त्याच्या मुलांना दुप्पट. नंदुरबारच्या कचेरीत गादीला टेकून बसल्यावर हे सरळ वाटत असेल. इथे येऊन बघ. हिंमतराव पाटलांच्या गोठ्यात चार बैलजोड्या, त्यांचा मुलगा कमी फी भरतो. त्याच बैलांमागे पहाटेपासून चालणारा भिला नावाचा मजूर, त्याच्या पोरीला मात्र दुप्पट. ज्याच्याकडे काही नाही त्याच्याकडूनच जादा घ्यायचं, हे डोकं तुझं आहे यावर माझा अजून विश्वास बसत नाही. आणि लोकल फंड भिला भरत नाही म्हणतोस? माझ्याही शेतातला कापूस पेरला त्याने, निंदला त्याच्या बायकोने आणि त्यांच्या वस्तीतल्या बायांनी, वेचला त्या सगळ्यांनी. मी आजवर नांगराला हात लावलेला नाही. मग त्या कापसातून भरलेला सारा नक्की कुणी भरला? मीठ घेताना, घासलेट घेताना ही माणसं सरकारचा कर देतात, तेव्हा त्यांना कुणी विचारत नाही की बाबा, तुझ्या नावावर जमीन आहे का.

दुप्पट फी भरली नाही म्हणून भिलाटीच्या, म्हणजे त्या भिलांच्या वस्तीतल्या, सगळ्या पोरांची नावं पटावरून कमी झाली. काल पाटी घेऊन बसलेली पोरं दुसऱ्या दिवशी शेळ्यांमागे. भिलाची छबू शाळेच्या खिडकीखाली शेळ्या उभ्या करायची आणि आतले पाढे बाहेरून म्हणायची. सुपडू मास्तर तिला हाकलत नसत. नियमात खिडकीबाहेरचं काही लिहिलेलं नाही, म्हणत. म्हणून मीच मास्तरांकडे गेले आणि म्हटलं, पोरांची नावं परत लिहा, पालकाच्या रकान्यात हीराबाई लिहा, मी सारा भरते, माझ्या पोरांना कमी फी. मास्तरांनी टाक दौतीत बुडवला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा बुडवला. शेवटी लिहिलं. तपासणीला आलेल्या डिपोटीसाहेबांनी पट वाचला आणि विचारलं म्हणे, ही कोण बाई, हिला एवढी मुलं कशी? मास्तर म्हणाले, साहेब, विधवा आहेत. साहेबांचा चेहरा बघायला मी तिथे हवी होते.

तुझ्या पत्रात हा प्रकार बोर्डाला फसवण्याचा आहे, घराण्याला काळिमा आहे, असं सगळं आहे. मग घराण्यातली पहिली फसवणूक तुला आठवत नसेल तर मी आठवण करून देते. तुला शाळेत घातलं तो दिवस. बापूजींनी डफ लावला होता, गूळ वाटला, तुझ्या डोक्यावर जरीची टोपी. शाळेच्या दाराशी आलास आणि असं भोकाड पसरलंस की डफवाला वाजवायचा थांबला. माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलेलं, ते काही केल्या सोडेनास. पंतोजी वैतागून म्हणाले, या पोरीलाही आत बसवा, नाहीतर हा छप्पर पाडील. मला कोपऱ्यात बसवलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तुझं रडू थांबेपर्यंत माझी बाराखडी झाली होती, आणि पुढे तू रडायचा थांबलास तरी मी तुला सांगायची, उद्या थोडा रड. तूही रडायचास, माझ्यासाठी. किती गुणी होतास रे तेव्हा! त्या पटावर माझं नाव नव्हतं आणि फी कुणी मागितली नाही. आज हे पत्र तुला लिहिते आहे ते तुझ्या त्या रडण्याच्या जिवावर. तेव्हा फुकट शिकणाऱ्यांची यादी करायची असेल तर सुरुवात तुझ्या सख्ख्या बहिणीपासून कर.

पण तुला वाटत असेल की रागावण्याजोगा फक्त तूच, तर तसं नाही. माझ्यावरही कुणी रागावलं. बाजाराच्या दिवशी दुकानात गर्दी असताना छबूची आई भिकुबाई आली. तिला कुणीतरी सांगितलं होतं की पटावर छबूपुढे माझं नाव आहे. मला वाटलं आभार मानायला आली. ती उंबऱ्यातच उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “मन्ही पोर तुन्ही कशी व्हयनी व बाई? मी काय मरी गयी का?” मी समजावलं की अगं, हे फक्त कागदापुरतं आहे. तर म्हणाली, “मंग कागदवरबी मन्हंच नाव पाहिजे.” मीठ न घेताच निघून गेली. मला फार लागलं. मी तिच्या पोरीचं भलं करत होते आणि ही मला बाजारात बोलून गेली, असं दिवसभर घोकत बसले. मग संध्याकाळी दुकान झाकताना विचार केला, की उद्या माझं पोर कुणी स्वतःच्या नावावर लिहिलं असतं, कितीही प्रेमाने, तर मी काय केलं असतं? मला पोर नाही, पण मला तिचं म्हणणं कळलं. ती बरोबर होती. तुझा नियम तिला नागवतो आणि माझी दया तिची पोर काढून घेते, यात फार फरक नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या झोपडीवर गेले आणि दोघी बराच वेळ बोललो. आधी ती ऐकेना. “फुकटनं माले नको,” एवढंच परत परत. मग मी म्हटलं, फुकट कोण देतंय? त्यावर ती हसली. काय ठरलं ते पुढे सांगते. तुझी नोटीस तोवर आलेली नव्हती, पण येणार हे ठाऊक होतं. तुझ्या पत्रात लिहिलंस की दोषी मास्तर आहेत, त्यांची मोलगीच्या डोंगरात बदली करू. खबरदार. त्यांनी माझ्या सांगण्यावरून लिहिलं. काय करायचं ते माझं करा, मला कोर्टात उभं करा, मी येईन आणि हे पत्र तिथे मोठ्याने वाचीन, रडण्याच्या भागासकट. पटावरचं माझं नाव मी स्वतः जाऊन खोडायला लावलं आहे. तुझ्या धाकाने नाही, भिकुबाईच्या शब्दाखातर.

आता शेत, आणि हे पत्र लिहिण्याचं खरं कारण. सोमवारी तू डिपोटीसाहेबांना घेऊन चौकशीला धानोऱ्याला येणार आहेस. शाळेच्या दाराशी भिलाटीतल्या बाया पोरांना घेऊन उभ्या असतील. प्रत्येकीच्या हातात नंदुरबारला नोंदवलेला कागद असेल. वकील त्याला बक्षीसपत्र म्हणतो, मी मजुरी म्हणते, इतक्या वर्षांची उशिरा दिलेली. मोजणीदार फिरत होता तो त्यासाठी. बापूजींचं शेत मी तुकडे करून त्यांच्या नावावर लावून दिलं, जिने जिथले दगड वेचले तिला तो तुकडा. स्त्रीधन होतं, वकिलाला तीनदा विचारून घेतलं, तुला त्यात बोट घालायला जागा नाही. माझ्यामागे ते तुझ्याकडे येईल असं तू धरून चालला होतास, हे मला माहीत आहे. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही, माझं पोट दुकानावर चालतं आणि तुझं तर कशावरही चालेल. त्या बाया आता सारा भरणार, लोकल फंड भरणार. कमी फीसाठी शेत किती मोठं असावं, हे नियमात घालायला तुम्ही विसरलात. नियम तुझा आहे, तेव्हा तूच तो पाळ, आणि पालकाच्या रकान्यात भिकुबाईचं नाव तू स्वतः, तुझ्या हाताने लिही. हे तुला दारात सगळ्यांसमोर कळू नये, माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी लिहिलं. बहीण आहे शेवटी. आणि एक सांगते. छबू खिडकीशी कधी घाबरली नाही, पण साहेबाची टोपी बघून दारात रडेल, आईचा पदर सोडणार नाही. तेव्हा कुणाला ओरडू देऊ नकोस. तिच्या आईलाही आत बसू दे.

तुझीच, जिच्या ओढणीला धरून तू शाळेत गेलास ती,
हीराबाई