मामांच्या झाडांची फळं

तीर्थरूप मामांच्या पायांवर भाचा लायकरामचं डोकं. (आणखी खाली जाणारं असतं, तर तिथेही ठेवलं असतं.) सोलनला गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? मामींचा दमा? इकडे सगळे खुशाल आहोत, फक्त मला लाज वाटते.

बारा वर्षं तुम्ही सफरचंदांच्या झाडांखाली गवत-पाचोळा अंथरता आणि बारा वर्षं मी चारचौघांत, 'मामा झाडांना गादी घालतात, आता दुलई शिवतील,' म्हणून हसतो. यंदा बागायत केंद्राच्या बाईंनी आच्छादनाच्या प्रयोगासाठी दहा झाडं मागितली, तेव्हा मोठेपणासाठी पहिला हात मीच वर केला. चैत्रात गवत पसरलं. पण आपल्याकडे वाळलं गवत म्हणजे पाऊस लागेपर्यंत गाईच्या तोंडचा घास. मी सकाळी पसरायचो, तुमची सून बिमला संध्याकाळी पाठीवरच्या किल्ट्यात, त्या उभ्या टोपलीत, भरून गोठ्यात न्यायची. 'झाडं हंबरतात का?' एवढंच विचारायची. ज्येष्ठात काडी उरली नाही.

भाद्रपदात बाई फळं तपासणीसाठी न्यायला आल्या. एक पिशवी आच्छादनाच्या झाडांची, एक उघड्या झाडांची. सोलनला जाताना तुमच्या बागेची किल्ली तुम्ही विश्वासाने माझ्याकडे दिलेली. पहिली पिशवी तुमच्या झाडांवरून भरली गेली. (कशी भरली गेली, ते विचारू नका.) निकाल आला: आच्छादनाच्या फळांत कॅल्शियम जास्त, गोडी जास्त. दुसरी पिशवी दिसायला लाल, आत फारसं काही नाही. हे बाईंनी फळांबद्दलच लिहिलंय.

आता रविवारी सभेत मला टोपी घालून सत्कार आहे. (खरं तर टोपी मीच त्यांना घातलीय.) लोक वाटेत थांबवून गवताचा थर किती जाड ते विचारतात. मी वीतभर सांगतो, कारण तुम्ही वीतभर घालता. तुमची बारा वर्षांची मेहनत माझ्या नावावर लागली, मामा. घास उतरत नाही.

तुमचा, नावापुरता लायक,
लायकराम

ता. क. सभेनंतर मंडळी झाडं बघायला येणार आहेत. तुमची दाखवली तर चालेल का? आपल्या दोन बागांमधली भिंत चारच फूट पाडावी लागेल.

ता. क. मामाजी, मी बिमला. पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय. बाईंना मी परवाच खरं सांगितलं. त्यांनी टोपी तुमच्या मापाची मागवलीय. शनिवारी गाडी घेऊन हेच तुम्हाला आणायला येतील. यांना अजून काही ठाऊक नाही, गाडीत बसल्यावर तुम्हीच सांगा.